मोजून वाढलेलं

कुत्र्याला खायला काय घालावं, हा प्रश्न पशुवैद्याच्या दवाखान्यात लसीच्या चौकशीइतकाच नित्याचा आहे. फरक एवढाच की लसीबद्दल विचारणारा उत्तर ऐकायला आलेला असतो आणि खाण्याबद्दल विचारणारा बहुतेकदा आपल्या बाजूने कौल मागायला. घरचं द्यावं की पाकिटातलं, चिकन की शाकाहारी, शिजवलेलं की कच्चं, असे पक्ष आधीच पडलेले असतात. एकाच घरात सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या, असंही असतं. या कामात वर्षं गेल्यावर माझं मत असं झालं आहे की हा वाद बिनमहत्त्वाचा नाही, पण त्याची पाळी नंतर येते. आधी तीन साधे प्रश्न सुटावे लागतात. घरात कुत्र्याच्या तोंडात काही ना काही घालणारे हात किती? त्यातलं मोजून घालणारं कोण? आणि जी पद्धत आज ठरवू ती कुत्र्याच्या पुढच्या दहा-बारा वर्षांत मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यं, आजारपणं आणि गावाला जाणं या सगळ्यातून टिकेल का? कुत्र्याचा आहार जात, वय आणि वजन बघून ठरवतात हे खरं, पण त्याहून आधी तो घर बघून ठरवावा लागतो. कागदावर सर्वोत्तम दिसणारा आहार घरात तीन आठवड्यांत मोडत असेल, तर त्यापेक्षा दुय्यम पण रोज बिनचूक दिला जाणारा आहार कुत्र्याला जास्त जगवतो.

मापाला इतकं महत्त्व कशासाठी, याचा सगळ्यात भक्कम पुरावा एका चिकाटीच्या अमेरिकन प्रयोगात आहे. त्यात लॅब्राडॉरची ४८ पिल्लं घेतली आणि एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतलं एक पिल्लू जेवढं खाई त्याहून २५ टक्के कमी खाणं दुसऱ्याला, आणि तेही जन्मभर. खाणं दोघांनाही तेच होतं. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं होतं आणि दुसऱ्या गटाचं ११.२ वर्षं. सांधेदुखीवर उपचार सुरू करायची वेळही कमी खाणाऱ्यांवर उशिरा आली. यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे: हा अभ्यास कुत्र्यांचं खाद्य विकणाऱ्या कंपनीने केलेला आहे. पण ज्या कंपनीचा धंदा खाद्य खपण्यावर चालतो तिनेच कमी खाऊ घाला असं दाखवून द्यावं, हा निष्कर्ष तिच्या गल्ल्याच्या विरुद्ध जाणारा आहे; त्यामुळे मला तो अधिक विश्वासाचा वाटतो. शिवाय जास्त खाणारा गट काही ढोल झालेला नव्हता. आपल्याकडे ज्याला कौतुकाने ‘अंगाने भरलेला’ म्हणतात तेवढाच तो जाड होता. आयुष्याची जवळजवळ पावणेदोन वर्षं जायला एवढी जाडी पुरली. घरचं आणि पाकिटातलं यांच्यातल्या फरकाने कुत्र्याचं आयुष्य एवढं बदलतं, असं दाखवणारा या तोडीचा प्रयोग मला ठाऊक नाही.

आता थोडं गणित, कारण गणिताशिवाय हा विषय नुसत्या भावनेचा होतो. स्वस्थ बसलेल्या कुत्र्याला दिवसभरात किती ऊर्जा लागते ते काढायचं सूत्र असं: किलोतल्या वजनाचा ०.७५ घात घ्यायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. १० किलोच्या कुत्र्याला हा आकडा ३९४ कॅलरी येतो. नसबंदी झालेल्या, बेताचं फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तो १.६ ने गुणतात, म्हणजे सुमारे ६३० कॅलरी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दिवसातून दोनदा इमारतीला फेरी मारून येणाऱ्या कुत्र्याला प्रत्यक्षात याहूनही कमी पुरतं. २० किलोच्या कुत्र्याचा आकडा १,०६० च्या घरात जातो, म्हणजे वजन दुप्पट झालं तरी गरज दुप्पट होत नाही. मोठ्या कुत्र्याला ‘त्याच्या मानाने’ वाढताना बहुतेक घरं इथेच घसरतात. आता या ६३० कॅलरींच्या हिशेबात आपली एक मध्यम पोळी ठेवून पाहा. तूप न लावता तिच्यात शंभर ते एकशेवीस कॅलरी असतात. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या मापाने बोलायचं तर आपण कुत्र्याला ‘जाता जाता एक पोळी’ देतो तेव्हा त्याने आपल्या तीन पोळ्या खाल्लेल्या असतात. ग्लुकोज बिस्किटांच्या शंभर ग्रॅमला साधारण साडेचारशे कॅलरी पडतात. सकाळच्या चहाबरोबर चार-पाच बिस्किटं गेली की शंभरीचा आकडा गाठला जातो. मुख्य जेवणाबाहेरचं सगळं मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांत बसावं, असा पशुआहारशास्त्रातला रूढ नियम आहे. १० किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तो सकाळी आठच्या आत मोडलेला असतो, आणि मग दिवसभर तो मोडतच राहतो.

वाटीने किंवा कपाने मोजतो म्हणजे मोजतोच, असा एक समज आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात कुत्री पाळणाऱ्यांना वेगवेगळी मापं देऊन कोरडं खाद्य मोजायला लावलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात माप कधी हव्या तेवढ्याच्या निम्म्यावर आलं, तर कधी दीडशे टक्क्यांनी वर गेलं. लहान कुत्र्याच्या बाबतीत चार दाण्यांचा फरकही महिनाअखेरीस वजनकाट्यावर दिसतो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा काही फार महाग येत नाही. मी तर म्हणेन की महागड्या पाकिटासाठी पैसे साठवणाऱ्याने आधी काटा घ्यावा. मोजण्याबरोबर दुसरी गोष्ट म्हणजे साठा एकच ठेवणं. सकाळीच दिवसभराचं खाणं, बक्षिसाच्या तुकड्यांसकट, मोजून एका डब्यात काढायचं. आजोबांना द्यायचं असेल तर त्यातून, शाळेतून आलेल्या मुलीला द्यायचं असेल तरी त्यातूनच. डबा संपला की त्या दिवसाचं खाणं संपलं. यात कुणाचाही लाड बंद होत नाही, फक्त सगळ्यांचे लाड एकाच खात्यात जमा होतात. एकत्र राहणाऱ्या घरांत ही एवढी युक्ती कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त चालते, हे वारंवार दिसून येतं.

मोजलेलं बरोबर आहे की नाही, हे मात्र सूत्र सांगत नाही. ते कुत्र्याचं अंग सांगतं. एकाच वजनाच्या, एकाच वयाच्या दोन कुत्र्यांच्या गरजेत बराच फरक पडू शकतो, म्हणून सूत्राचा आकडा हा सुरुवातीचा अंदाज समजावा. जगभर पशुवैद्य शरीराची ठेवण १ ते ९ अशा श्रेणीत लावतात. त्यात ४-५ चांगली, आणि त्यावरची प्रत्येक पायरी म्हणजे साधारण दहा टक्के जादा वजन. पालकांना ती श्रेणी पाठ असण्याची गरज नाही. दोन्ही तळवे बरगड्यांवर हलके फिरवले की बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे आणि बाजूने पाहिलं तर पोट मागे वर चढत गेलेलं असावं. अडचण हाताची नसून डोळ्याची आहे. आजूबाजूला सगळीच पाळीव कुत्री जाड असली की जाडी हीच प्रकृती वाटू लागते. कारवान किंवा मुधोळ जातीचा निरोगी, सडसडीत, शेवटच्या दोन बरगड्या दिसणारा कुत्रा शहरात आणला, तर त्याच्या मालकाला रस्त्यावर लोक विचारतात की याला घरी खायला देत नाही का. उलट तुरुतुरु न चालता डुलत चालणाऱ्या लॅब्राडॉरला सोसायटीभर मान. लॅब्राडॉरची तर जातच खादाड. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की या जातीतल्या जवळजवळ पाव कुत्र्यांमध्ये भूक भागल्याची खूण मेंदूला पोचवण्याशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. अशा कुत्र्याने ताटलीपाशी बसून मारलेली केविलवाणी नजर ही भुकेची साक्ष मानायची नसते.

यावरचा सगळ्यात जुना आक्षेप आपल्या मातीतला आहे. आमच्या गावची कुत्री जन्मभर दूध-भाकरीवर जगली, त्यांना कुणी काटा लावला होता? या बोलण्यात अर्धं तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती आढळल्या आणि कुत्र्यांमध्ये ४ पासून ३० पर्यंत. म्हणजे माणसाच्या उकिरड्यावर आणि चुलीपाशी राहता राहता कुत्र्याचं पोट धान्याला सरावलं. भाकरी त्याला चालते आणि चांगली पचते. पण गावचं कुत्रं नुसत्या भाकरीवर जगत होतं, हे खरं नाही. भाकरी आपण घालत होतो तेवढीच आपल्याला दिसायची. उंदीर-घुशी, मेलेली जनावरं, गाई-म्हशींची वार, खाटकाच्या मागचं, आणि सांगायला बरं वाटत नाही पण माणसाची विष्ठासुद्धा, हा सगळा त्याचा आहार होता. शिवाय ते दिवसभर हिंडत होतं. आणि जी पिल्लं जगली नाहीत त्यांची आठवण कुणी ठेवत नाही; आठवतो तो दारात म्हातारा झालेला एकच मोत्या. आज आपण त्याच कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं आहे. त्याचा बाहेरचा सगळा आहार बंद केला, हिंडणं बंद केलं आणि फक्त भाकरी तेवढी चालू ठेवली.

तोच स्वीडनमधला पुरावा दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर देतो. कुत्रा म्हणजे लांडगाच, म्हणून त्याला कच्चं मांसच हवं, असं मानणारे आता शहरांत बरेच भेटतात. लांडग्यापासून तो हजारो वर्षं दूर आला आहे आणि या प्रवासात त्याचं पचनही बदललं आहे. शिवाय जंगलातला लांडगा शिकारीचं हाड, काळीज, आतडी, कातडी सगळं खातो. दुकानातून आणलेलं बोनलेस चिकन म्हणजे लांडग्याचा आहार नाही. कच्च्या कोंबडीबरोबर साल्मोनेलासारखे जंतू येतात, गोठवल्याने ते मरतीलच असं नाही, आणि कुत्रा स्वतः धडधाकट राहून ते घरातल्या रांगत्या मुलापर्यंत पोचवू शकतो. इथेही निर्णय घराकडे बघूनच करावा लागतो. लहान मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी घेणारं माणूस असलेल्या घरात कच्चं मांस नको, यावर मी वाद घालत नाही.

घरचं शिजवलेलं अन्न हा मला सर्वांत आदर वाटणारा आणि सर्वांत काळजी वाटणारा पर्याय आहे. काळजी ताजेपणाची नाही, अपुरेपणाची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती गोळा करून तपासल्या. २०१३ मध्ये त्यांनी सांगितलं की ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी पडतं. या पाककृती निदान लिहिलेल्या तरी होत्या. आपल्याकडचा चिकन-भात किंवा वरण-भात हा अंदाजपंचे होतो, आणि त्यात कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हे नेमके मागे राहतात. कॅल्शियमचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी असावं लागतं. हाडांशिवायच्या मांसात मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो आणि भातात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर मग ते हाडांतून काढू लागतं. वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारल्याच्या निमित्ताने हाड मोडतं, आणि घरच्यांना खरोखरच कळत नाही, कारण पिल्लू तर रोज चिकन खात असतं. उन्हात बसवलं की भागेल, असं कुणी सुचवतं. त्याचाही उपयोग नाही, कारण माणसासारखं उन्हातून ड जीवनसत्त्व तयार करण्याची सोय कुत्र्याच्या कातडीत जवळजवळ नाही. ते त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं.

हे ऐकून घर दुसऱ्या टोकाला जातं आणि कॅल्शियमच्या सिरपची बाटली आणतं. पाकिटातलं पिल्लांचं पूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियम, आणि तेही ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर अशा मोठ्या जातीच्या पिल्लाला, ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून दिसलं की कोवळ्या वयात आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. येईल तेवढं शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. म्हणजे तीच वस्तू एका घरात जीवनावश्यक आणि शेजारच्या घरात अपायकारक, आणि फरक मूळ खाण्यात. घरीच शिजवायचं असेल तर अंड्याचं कवच उकळून, वाळवून, अगदी बारीक पूड करून वापरता येतं. तिच्या चहाच्या चमचाभर पुडीत जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि २० किलोच्या प्रौढ कुत्र्याची दिवसाची गरज एक ते सव्वा ग्रॅम. पण कवचाने कॅल्शियम मिळतं, जस्त आणि आयोडीन मिळत नाही. काळीज चांगलं म्हणून रोज घातलं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो. त्यामुळे घरचं शिजवायचं तर पशुआहाराच्या जाणकाराकडून त्या कुत्र्यापुरती पाककृती लिहून घ्यावी आणि मग तीत ‘आज गाजर नव्हतं म्हणून बटाटा’ असं करू नये. लोक नेमके इथेच हरतात. पहिला महिना काटेकोर जातो, दुसऱ्यात मिनरलची पूड संपलेली असते, आणि सहाव्यापर्यंत परत चिकन-भात.

पाकिटातल्या खाद्याचा मोठा गुण चव किंवा ताजेपणा नाही, तर ही घसरण अडवणं हा आहे. हिशेब दुसऱ्या कुणीतरी आधी करून ठेवलेला असतो, घराने फक्त तोलायचं. म्हणून त्याच्यावरचे आक्षेप खोटे ठरत नाहीत. २००७ साली अमेरिकेत चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाईन मिसळलेलं निघालं, मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री-मांजरं मेली आणि मोठमोठ्या कंपन्यांना माल परत मागवावा लागला. पाकिटावरचा ‘क्रूड प्रोटीन’चा आकडा नत्र मोजून काढतात आणि मेलामाईनमध्ये नत्र भरपूर, भेसळ करणाऱ्याने नेमका याचाच फायदा घेतला. तेव्हा नुसत्या टक्केवारीला भुलू नये, हे खरं. ती टक्केवारी ओल्या आणि कोरड्या खाद्यात थेट ताडूनही पाहता येत नाही. ८ टक्के प्रथिनं आणि ८० टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्यातून पाणी वजा केलं तर प्रथिनं ४० टक्के निघतात. २४ टक्के लिहिलेल्या कोरड्या खाद्यात हाच हिशेब २७ च्या आत राहतो. महागाची हमीही धरू नये. धान्यविरहित म्हणून दुप्पट किमतीला विकल्या जाणाऱ्या, वाटाणा-मसुरावर बेतलेल्या काही खाद्यांचा हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी संबंध असावा, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. २०२२ अखेर त्यांनीच सांगितलं की हाती आलेल्या नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. म्हणजे दोषही सिद्ध नाही आणि गुण तर कधी सिद्ध झालेलाच नव्हता. पाकीट घेताना ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलेलं आहे का, कोणत्या वयासाठी आहे आणि कॅलरी छापल्या आहेत का, एवढं पाहावं. आणि दुकानदाराने वीस किलोचं पोतं फोडून सुटं विकलेलं खाद्य घेऊ नये. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि किलोमागे वाचवलेले पैसे उलट्या-जुलाबांवर जातात.

शाकाहारी घरांचा प्रश्न आपल्याकडे खरा आहे आणि त्याची थट्टा करू नये. मांजराला मांसाशिवाय ठेवता येत नाही. कुत्र्याचं तसं नाही. टॉरिन तो अमिनो आम्लांपासून बनवतो आणि गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्वही तयार करतो. विचारपूर्वक जुळवलेल्या शाकाहारी आहारावर कुत्रा ठेवता येतो. अंडं चालत असेल तर फारच सोपं. दूध-पोळी हा मात्र शाकाहारी आहार नाही, ती फक्त सोय आहे. प्रौढ कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नाही, आणि रोज सैल होणारी शी ‘त्याची तशीच सवय’ म्हणून खपून जाते. अशा घरांना मी पाकिटातलं शाकाहारी पण संपूर्ण खाद्यच सुचवतो, कारण इथे चूक व्हायला जागा आणखी कमी असते.

काय देऊ नये याची यादी कुठेही मिळते, म्हणून एवढंच सांगतो की आपल्या स्वयंपाकघरात धोका ‘उरलेलं’ या रूपात येतो. भाजीच्या रश्शातला कांदा-लसूण शिजल्यानेही निरुपद्रवी होत नाही, तो तांबड्या पेशी फोडतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडवतात, आणि कोणत्या कुत्र्याची ते आधी कळत नाही. शिजवलेलं हाड टोकदार फुटतं. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम पूर्ण वर्ज्य.

वेळापत्रकाबद्दल माझं मत फारसं कडक नाही. पिल्लाला चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा आणि पुढे दोनदा, हे बहुतेक घरांना जमतं. अमेरिकेत २०,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून एकदाच खाणाऱ्या कुत्र्यांची तब्येत आणि आकलन थोडं बरं आढळलं. पण ती एका वेळची पाहणी होती. एकदा खाल्ल्याने कुत्रा बरा राहतो की बऱ्या कुत्र्याला एकदा घालून भागतं, हे त्यातून ठरत नाही. उलट खोल छातीच्या मोठ्या जातींत, एकाच वेळी पोटभर खाणं हे पोट फुगून पीळ पडण्याच्या जीवघेण्या दुखण्याचं एक कारण मानलं जातं. पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासात तर मानेला सोपं जावं म्हणून उंचावर ठेवलेल्या भांड्याचाही या धोक्याशी संबंध दिसला. म्हणून दोनदा, जमिनीवरच्या भांड्यात, आणि जेवणानंतर लगेच पळापळ नाही. भांडं वीस मिनिटांनी उचलायचं. दिवसभर भरलेलं भांडं समोर ठेवणाऱ्या घराला कुत्र्याची भूक गेली आहे हे दोन दिवस उशिरा कळतं, आणि आजारात ते दोन दिवस फार मोलाचे असतात.

उरतो शेवटचा आक्षेप, आणि तो युक्तिवादाने पटकन जात नाही. मोजून घालायचं म्हणजे माया मोजायची का? ज्या पिढीने स्वतः हातचं राखून खाल्लं त्या पिढीला दारातल्या मुक्या जनावराला मापून वाढणं हलकेपणाचं वाटतं, आणि त्यांच्याशी कॅलरींवर बोलून उपयोग नसतो. तिथे मी पदार्थ बदलतो, हात बदलत नाही. आजी दिवसातून पाचदा काहीतरी देणारच असतील तर पाचदा देऊ द्यावं, पण बिस्किटाऐवजी काकडी, फरसबी, उकडलेला दुधी. कुत्र्याला मोजता येत नाही. त्याला पाचदा मिळालं हे पुरतं. वजन उतरवायचं ठरलं तर आठवड्याला एक ते दोन टक्के हा वेग ठीक आहे. ३० किलोच्या कुत्र्याला ३०० ते ६०० ग्रॅम. दर पंधरा दिवसांनी दवाखान्याच्या काट्यावर वजन करायचं, त्याचे पैसे सहसा कुणी घेत नाही. आणि वजन हलत नसेल तर थायरॉइडची तपासणी करण्याआधी बिल्डिंगच्या वॉचमनशी बोलून घ्यावं. सकाळच्या फेरीत तो काय देतो, हे घरात कुणालाच माहीत नसतं.